ताऱ्यांचं वजन आणि पासंग

रानमोगरा
सोमवार, रात्री ९:१०

एक भाबडा प्रश्न आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

व्याधाबद्दल वाचत होते. वस्तुमान सूर्याच्या २.०६ पट. 'साधारण दुप्पट' नाही, २.०६! ८.६ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं वजन दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत? आमच्या वाण्याच्या काट्याला एवढं जमत नाही.

आणि दीर्घिकांचा विषय निघाला की तोच लेखक एकदम सैल सुटतो. आपल्या आकाशगंगेचं वस्तुमान अमुक असेल, त्याच्या तिप्पट-चौपटही असेल, आणि त्यातलं बरंचसं दिसत नाही म्हणे. हे मोजतात तरी कसं? बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र आठवतंय. समीकरणं चालतील, पण बेताने.


खवचट_आजोबा
सोमवार, रात्री ९:२४

काट्यात पासंग आहे. न दिसणारं कृष्णद्रव्य त्याचं नाव. बेरीज जमेना की टाकायचं पारड्यात. चालू द्या.


वक्री_बुध
सोमवार, रात्री ११:०२

आजोबा, तुमच्याकडे येतोच, पण आधी ताईंच्या २.०६ चं बघू.

ताऱ्याचं वस्तुमान कळायला त्याच्याभोवती कुणीतरी फिरत असावं लागतं. फिरणारा किती लांबून आणि किती वेगाने फिरतो हे कळलं की मधल्याचं वस्तुमान बाहेर पडतं. कक्षा वर्तुळाकार धरली तर वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले G (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक). बस.

सूर्यावर करून बघा. पृथ्वीचा वेग सेकंदाला २९.८ किलोमीटर, सूर्यापासूनचं अंतर १४.९६ कोटी किलोमीटर. सगळं मीटरमध्ये करून गणित मांडलं की उत्तर येतं १.९९ गुणिले १० चा ३० वा घात, एवढे किलो. कागद-पेन्सिलीचं काम आहे.

यातला सगळ्यात कच्चा दुवा कोणता, तर G. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण तारेला पडणाऱ्या पिळावरून मोजलं. आजही बरेच प्रयोग त्याच धर्तीवर होतात आणि चार-पाच अंकांपलीकडे प्रयोगशाळांचं एकमत होत नाही. उलट G आणि सूर्याचं वस्तुमान यांचा गुणाकार ग्रहांच्या आणि यानांच्या गतीवरून नऊ-दहा अंकांपर्यंत पक्का आहे. म्हणून खगोलवाले किलोत बोलतच नाहीत, 'इतकी सौर वस्तुमानं' म्हणतात. G ची भानगड बाहेरच राहते.

आता व्याध. १८४४ मध्ये फ्रीडरिश बेसेलच्या लक्षात आलं की व्याध आकाशात सरळ सरकत नाही, हेलकावे खात जातो. त्याने सांगितलं, सोबत कुणीतरी आहे, दिसत नाही एवढंच. १८ वर्षांनी, ३१ जानेवारी १८६२ ला, अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंची नवं भिंग तपासत होता. त्याने दुर्बीण व्याधाकडे वळवली आणि त्या झगझगाटाच्या कडेला तो सोबती दिसला. व्याध ब.

दोघं एकमेकांभोवती ५०.१ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. कक्षेचा अर्धा लांब अक्ष आकाशात साडेसात विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दिसतो. व्याधाचं लंबन, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढं आपण सरकलो तर तो जेवढा हललेला दिसतो तो कोन, ०.३७९ विकला. साडेसातला ०.३७९ ने भागलं की १९.८, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १९.८ पट. केप्लरचा तिसरा नियम लावा: १९.८ चा घन ७,७६२, ५०.१ चा वर्ग २,५१०. भागाकार ३.०९. ही दोघांची मिळून सौर वस्तुमानं. मग समाईक गुरुत्वमध्यापासून कोण किती लांब आहे ते बघायचं. धाकटा दुप्पट लांब, म्हणून त्याचा वाटा एक तृतीयांश. व्याध २.०६, व्याध ब १.०२. आलं तुमचं दशांश.

(व्याध ब आकाराने पृथ्वीपेक्षाही किंचित लहान आहे. एवढ्याशा गोळ्यात एक अख्खा सूर्य. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, हा प्रकार कळायला पुढे त्यानेच मदत केली.)

एक गोष्ट आत्ताच नोंदवून ठेवतो, पुढे लागेल. या हिशेबात अंतराचा घन आहे. ताऱ्याचं अंतर एक टक्क्याने चुकलं तर वस्तुमान तीन टक्क्यांनी चुकतं.


रानमोगरा
मंगळवार, सकाळी ७:४०

वा! हे कुणी शाळेत का नाही सांगितलं? पण व्याध शेजारचा म्हणून त्याचा सोबती वेगळा दिसला. लांबच्या जोडताऱ्यांचं काय? ते तर एकच ठिपका दिसणार.


शर्वरी
मंगळवार, सकाळी ९:१५

ठिपका एकच असला तरी वर्णपटात दोघं सापडतात. तारा आपल्याकडे येत असेल तर वर्णरेषा निळ्याकडे सरकतात, लांब जात असेल तर तांबड्याकडे. जोडतारा असेल तर एकाच्या रेषा इकडे आणि दुसऱ्याच्या तिकडे, मग पुन्हा एकत्र, पुन्हा वेगळ्या. वर्णपटातल्या दुभंगणाऱ्या रेषांवरून जोडतारा म्हणून पहिल्यांदा ओळखला गेला तो कोण माहितेय? सप्तर्षींमधला वसिष्ठ! १८८९, हार्वर्डचे एडवर्ड पिकरिंग. त्या काचेच्या तबकड्यांवरच्या रेषा तपासण्याचं काम करणाऱ्यांत अँटोनिया मॉरी होत्या. २०.५ दिवसांत एक फेरी. दोघंही सूर्याच्या सव्वादोन ते अडीचपट.

दुर्बिणीतून वसिष्ठाचे आधी दोन तारे दिसतात, आणि त्यातला प्रत्येक पुन्हा दोन. अरुंधतीलाही एक मंद सोबती आहे, तो २००९ मध्ये सापडला. तेव्हा लग्नात नवरा-नवरीला आदर्श म्हणून जे जोडपं दाखवतात ते सहाजणांचं एकत्र कुटुंब आहे. सुनांनी काय ते समजून घ्यावं.


खवचट_आजोबा
मंगळवार, सकाळी ९:३१

सासवांनी आधी. बाकी वर्णपटावरून तुम्हाला वेग कळला तो फक्त आपल्या दिशेतला. कक्षा तिरपी असेल तर?


शर्वरी
मंगळवार, सकाळी ९:५८

बरोबर धरलंत आजोबा. कक्षा आपल्याला काठावरून दिसत असेल तरच पूर्ण वेग मिळतो. वरून दिसत असेल तर रेषा हलतच नाहीत. तिरपेपणा माहीत नसला की हाती येतं ते किमान वस्तुमान, खरं त्याच्यापेक्षा कितीही जास्त असू शकतं.

सुटका दोन प्रकारे होते. एक म्हणजे दोन तारे वेगळे दिसतील इतकी सूक्ष्म नजर कमावायची, वसिष्ठाच्या बाबतीत गेल्या शतकाच्या अखेरीला अनेक छोट्या दुर्बिणी जोडून तेच केलं. दुसरं म्हणजे निसर्गाने मेहेरबानी करायची: एक तारा दुसऱ्यासमोरून जायचा आणि ग्रहण लागायचं. ग्रहण लागतंय म्हणजे कक्षा काठावरूनच दिसतेय. ययातीमधला अलगूल हे त्याचं जुनं उदाहरण. २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी न चुकता मंदावतो. जॉन गुडरिक नावाच्या, ऐकू न येणाऱ्या अठरा वर्षांच्या इंग्लिश मुलाने १७८३ मध्ये हा काळ काढला आणि एक काळोखी वस्तू अलगूलसमोरून जात असावी असं सुचवलं. दुर्बीण लागत नाही याला, हिवाळ्यात गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आज ताऱ्यांची सगळ्यात विश्वासार्ह वस्तुमानं अशा ग्रहणवाल्या जोड्यांकडून आली आहेत. एक-दोन टक्के, कधी त्याहून कमी चूक.


पाटलांचा_अवी
मंगळवार, दुपारी १:०५

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. पण एकटा तारा असेल तर? सडाफटिंग?


वक्री_बुध
मंगळवार, रात्री १०:३०

मग तोंडावरून अंदाज. जोडताऱ्यांची वस्तुमानं आणि तेज एकासमोर एक मांडली तर आयुष्याच्या मुख्य टप्प्यातल्या ताऱ्यांसाठी एक नातं दिसतं. आर्थर एडिंग्टनने १९२४ मध्ये त्याला सिद्धांताचा आधार दिला. तेज हे वस्तुमानाच्या साडेतीनाव्या घाताप्रमाणे वाढतं असं पुस्तकात असतं. (३.५ वा घात, ३५ वा नव्हे, नाहीतर आजोबा धरतील.)

पण हे व्याधावरच लावून बघा. २.०६ चा ३.५ वा घात साडेबारा येतो. प्रत्यक्षात व्याध सूर्याच्या २५ पट तेजस्वी आहे. म्हणजे तेजात दुपटीची चूक! उलट दिशेने, तेजावरून वस्तुमान काढताना, चूक बरीच आवळली जाते. २५ वरून २.५ येतं, खरं २.०६. तरीही हे मोजमाप नव्हे, अदमासच. आणि म्हातारे तारे तर हे नातं पाळतही नाहीत. मृगातल्या काक्षीचं, म्हणजे बीटलज्यूसचं वस्तुमान म्हणूनच इतकी वर्षं वादात आहे.

एकट्या ताऱ्याचं वस्तुमान थेट काढायची एक भन्नाट रीत मात्र आहे. वस्तुमान जवळून जाणारा प्रकाश वाकवतं. मग वाट बघायची, की आपला तारा सरकत सरकत एखाद्या लांबच्या ताऱ्याच्या अगदी जवळून कधी जातो. मागचा तारा जागचा किंचित हललेला दिसेल, आणि किती हलला त्यावरून पुढच्याचं वस्तुमान. आइनस्टाइनने १९३६ मध्ये लिहिलं होतं की हे प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही. कैलाश साहू आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून ते केलं, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तारा स्टाइन २०५१ ब, जेमतेम १८ प्रकाशवर्षांवरचा श्वेत बटू. मागचा तारा हलला सुमारे ०.००२ विकला. आणि हे मोजायचं कशाच्या शेजारी, तर त्या मागच्या ताऱ्याच्या शेकडो पट तेजस्वी बटूच्या. उत्तर ०.६७५ सौर वस्तुमान.

या आकड्याला महत्त्व आहे. आधीच्या अंदाजांवरून हा बटू फारच हलका वाटत होता, इतका की त्याच्या पोटात लोखंड असावं असा विचार पुढे आला होता. ०.६७५ आल्यावर तो इतर बटूंसारखाच कार्बन-ऑक्सिजनचा साधा गोळा ठरला.


नारायणगावकर
बुधवार, सकाळी ६:५०

दीर्घिकांबद्दल मी थोडं लिहितो, कारण आमच्या शिवारातच त्यांचं वजन होतं. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, त्यातल्या चौदा खोडदजवळ एका चौकोनात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, आख्ख्या जुन्नर तालुक्यातल्या शाळा येतात.

पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो की ही ताटली आरपार कशी दिसते? पत्रा नाहीच तिला, तारेची जाळी आहे. मधली छिद्रं एक ते दोन सेंटीमीटर. वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो, पैसेही वाचले. आणि रेडिओ लहरींना ती छिद्रं दिसतच नाहीत, कारण त्या दुर्बिणीला पकडता येणारी सगळ्यात आखूड लहरसुद्धा वीस-एकवीस सेंटीमीटरची आहे.

आणि तीच एकवीस सेंटीमीटरची लहर दीर्घिकांच्या कामाची. थंड हायड्रोजन ती सोडतो. दीर्घिकेतला हायड्रोजन ताऱ्यांच्या तबकडीपलीकडे लांबवर पसरलेला असतो, त्यामुळे तारे संपले तरी फिरण्याचा वेग मोजता येतो. अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव यांनी २००५ मध्ये एनजीसी ३७४१ नावाची एक बुटकी दीर्घिका जीएमआरटीतून पाहिली. सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवरची, अगदी फुटकळ दिसते. पण तिचा हायड्रोजन दिसणाऱ्या भागाच्या आठपट लांब पसरलेला निघाला, आणि तो फिरतोय अशा वेगाने की वस्तुमान आणि निळा प्रकाश यांचं गुणोत्तर (दोन्ही सूर्याच्या मापात) १०७ आलं. सूर्यासारख्याच ताऱ्यांची दीर्घिका असती तर ते एकच्या आसपास असतं. हायड्रोजनचं स्वतःचं वस्तुमान धरूनही हिशेब पुरा होत नाही.

आजोबा, चहाला या. जाळीतून आभाळ दाखवतो.


खवचट_आजोबा
बुधवार, सकाळी ८:०५

चहा घेऊ, पण १०७ पट पासंग? एवढा तर भाजीवालाही मारत नाही.

आता जरा गंभीर होतो. तुमची सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: गती विचित्र दिसली की समजायचं तिथे न दिसणारं वस्तुमान आहे. हे डोकं दोनदा चाललंय. युरेनस वाट सोडून चालला होता, ल व्हेर्येने गणित करून जागा सांगितली आणि १८४६ मध्ये बर्लिनला नेपच्यून सापडला. मग त्याच ल व्हेर्येने १८५९ मध्ये बुधाची कक्षा सरकतेय म्हणून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार असं सांगितलं. नावही ठरलं, व्हल्कन. लोकांना तो 'दिसला'सुद्धा. नव्हताच तो. १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि बुध सुतासारखा सरळ झाला.

तर कृष्णद्रव्य हे नेपच्यून की व्हल्कन, एवढंच सांगा. मोर्डेहाय मिलग्रोमने १९८३ मध्ये म्हटलंच होतं की त्वरण अगदी क्षीण झालं, मीटर-सेकंदांच्या मापात दहा-अब्जांशाच्या आसपास, की न्यूटनचा नियम बदलतो. एकाच आकड्यात अनेक दीर्घिकांचे वेग बसतात.


रानमोगरा
बुधवार, सकाळी ८:२०

आजोबा फॉर्मात आहेत. धागा काढल्याचं सार्थक झालं.


शर्वरी
बुधवार, दुपारी ४:४५

आजोबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आडून उत्तर देण्यात अर्थ नाही.

आधी इतिहासातला पासंग खरोखर किती होता ते बघू. १९३३ मध्ये फ्रित्झ झ्विकीने अरुंधती केशमधला कोमा दीर्घिकासमूह पाहिला. त्यातल्या दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटरच्या फरकाने इकडेतिकडे धावत होत्या. एवढ्या वेगाला धरून ठेवायचं तर दिसणाऱ्या द्रव्याच्या किमान ४०० पट द्रव्य हवं, असं त्याने काढलं.

आता वक्री_बुध यांनी वर नोंदवून ठेवलेलं अंतर इथे लागतं. दीर्घिकांच्या वेगावरून अंतर काढतात ते हबलच्या स्थिरांकाने भागून. झ्विकीच्या काळी तो ५५८ धरत, आज तो ७० च्या आसपास. म्हणजे कोमा समूह त्याला वाटला त्याच्या आठपट लांब आहे. गतीवरून काढलेलं वस्तुमान अंतराच्या पटीत वाढतं, पण तेज अंतराच्या वर्गाच्या पटीत. अंतर आठपट केलं की वस्तुमान आठपट, तेज चौसष्टपट, म्हणजे गुणोत्तर आठाने उतरतं. ४०० चे झाले ५०. पुढे क्ष-किरण दुर्बिणी आल्या आणि दिसलं की समूहाच्या मधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलाय, सगळ्या ताऱ्यांच्या मिळून वस्तुमानापेक्षा कितीतरी जास्त. झ्विकीला तो दिसणं शक्यच नव्हतं. ५० मधूनही मोठा घास गेला. तरी पाच-सहापट उरतंच. ते उरलेलं कुठल्याही अंतराने खपत नाही.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या तप्त वायूच्या ढगांचे वेग मोजले. बाहेर जावं तसे वेग उतरायला हवे होते, उतरलेच नाहीत. १९८० मध्ये २१ दीर्घिकांवर तेच. आल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये रेडिओ लहरींवर आणखी लांबवर जाऊन तेच दाखवलं. इथपर्यंत आजोबांचा मिलग्रोम छान चालतो, एकेकट्या दीर्घिकांच्या बाबतीत कधीकधी कृष्णद्रव्यवाल्यांपेक्षाही नेटका.

अडतो तो समूहांमध्ये. तिथे नियम बदलूनही जास्तीचं द्रव्य लागतंच. आणि 'बुलेट' नावाचा समूह आहे, दोन समूहांची टक्कर. तप्त वायू एकमेकांत अडकून मागे राहिला, दीर्घिका आरपार निघून गेल्या. २००६ मध्ये डग्लस क्लो आणि मंडळींनी मागच्या दीर्घिकांची चित्रं किती वाकली यावरून वस्तुमान कुठे आहे ते काढलं. बहुतांश दिसणारं द्रव्य वायूत असूनही वस्तुमान निघालं दीर्घिकांच्या बाजूला. या पद्धतीत कुणाचीही गती मोजलेली नाही, नुसता वाकलेला प्रकाश. काटे तीन: वेग, वायूचं तापमान, प्रकाशाचं वाकणं. उत्तरं साधारण जुळतात. पासंग असेल तर तिन्ही काट्यांना सारखाच कसा?


पाटलांचा_अवी
बुधवार, सायंकाळी ६:१०

अवांतर: आयुकाचा सरस्वती महासमूह हाही दीर्घिकासमूहांचाच ना? पेपरात आला होता.


शर्वरी
बुधवार, सायंकाळी ६:२२

हो, २०१७. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या मंडळींनी शोधला, मीन राशीच्या दिशेला, चार अब्ज प्रकाशवर्षांवर. त्याचं वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतकं सांगतात. पण एवढ्या मोठ्या रचना नीट बांधलेल्या नसतात, त्यामुळे कडा कुठे धरायची यावर आकडा बराच अवलंबून. मी तो दशांशाच्या भाषेत घेणार नाही.


वक्री_बुध
बुधवार, रात्री ११:१५

रानमोगरा यांच्या मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध राहिलाच: आकाशगंगेचा आकडा एवढा सैल का?

सूर्य केंद्रापासून साधारण २६,७०० प्रकाशवर्षांवर सेकंदाला २३० किलोमीटरने फिरतो. तेच समीकरण लावलं की १० चा ११ वा घात, म्हणजे शंभर अब्ज सौर वस्तुमानं. पण ही आकाशगंगा नव्हे! हे फक्त सूर्याच्या कक्षेच्या आतलं. बाहेरचं सूर्याच्या गतीत दिसतच नाही. पूर्ण आकड्यासाठी बाहेरून फिरणारं कुणीतरी हवं: गोलाकार तारकागुच्छ, छोट्या उपदीर्घिका. त्या थोड्या, आणि त्यांचे आडवे वेग मोजणं अवघड. म्हणून आकडा हजार अब्जाच्या आसपास डोलतो. २०२३ मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून एका गटाने सुमारे २०० अब्जच काढला, कारण त्यांना बाहेरच्या बाजूला वेग उतरताना दिसला. सगळ्यांना ते मान्य नाही.

म्हणून दीर्घिकेचं वस्तुमान कुणी सांगितलं की पहिला प्रश्न 'किती त्रिज्येच्या आतलं?' ते सांगितलं नसेल तर तो आकडा वाचून सोडून द्यावा.

आणि दुसरा प्रश्न 'अंतर कुणाचं?' एनजीसी १०५२-डीएफ२ ची गोष्ट बघा. २०१८ मध्ये पीटर व्हॅन डॉकम यांच्या गटाने जाहीर केलं की या दीर्घिकेत कृष्णद्रव्य जवळपास नाहीच. अंतर धरलं होतं साडेसहा कोटी प्रकाशवर्षं. दुसरा गट म्हणाला, अंतर सव्वाचार कोटीच आहे, आणि तेवढं धरलं की ती चारचौघींसारखी दीर्घिका ठरते. पुढे हबलने जास्त खोलवर पाहिल्यावर मोठं अंतरच खरं वाटू लागलं. आजोबा, गंमत बघा: कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका ही कृष्णद्रव्याच्याच बाजूने साक्ष आहे. नियम बदललेला असता तर तो प्रत्येक दीर्घिकेला लागू झाला असता. मिलग्रोमवाल्यांचं यावर म्हणणं असं की शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीमुळे तो परिणाम तिथे दबतो.


खवचट_आजोबा
गुरुवार, सकाळी ७:३०

म्हणजे असलं तरी आहे, नसलं तरी आहे. वकिली चांगली आहे.

तीन काट्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो मी घेतो. नेपच्यूनकडे झुकतोय असं लिहा. पण नेपच्यून शेवटी दुर्बिणीत दिसला होता, हे द्रव्य एकाही प्रयोगशाळेत अजून हाती लागलेलं नाही. ते लागेपर्यंत मी पासंगच म्हणणार.

आणि सगळं जर अंतराशी येऊन अडतं, तर अंतर उसनं न घेता वस्तुमान मिळतं असं एक तरी उदाहरण द्या.


वसमतकर
गुरुवार, सकाळी १०:१०

एक मी देतो, कारण आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये केंद्राने बांधकामाला मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी जी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तिची वारंवारता एक पंचमांश सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झवर चढली. किती झपाट्याने चढली यावरच दोन्ही कृष्णविवरांची वस्तुमानं आली, ३६ आणि २९. एकत्र होऊन ६२ राहिली, ३ सूर्यांइतकी ऊर्जा लहरींत गेली. अंतर आधी माहीत असावं लागलं नाही. फक्त विश्वाच्या प्रसरणाने लहर थोडी ताणली जाते, तेवढी दुरुस्ती करावी लागते, आणि तिच्यापुरतं अंतर त्याच लहरीच्या जोरावरून काढता येतं.


रानमोगरा
गुरुवार, दुपारी ३:३०

मी पण एक शोधलंय! आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणारा एस२ तारा. १६.०५ वर्षांत एक फेरी, कक्षेचा अर्धा अक्ष ०.१२५ विकला, केंद्राचं अंतर ८,१७८ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). गुणाकार केला की १,०२२ पृथ्वी-सूर्य अंतरं. घन करून १६.०५ च्या वर्गाने भागलं तर ४१ लाख सूर्य आले. एवढं सगळं त्या कक्षेच्या आत, आणि दिसत काहीच नाही. बरोबर आहे का? पण यात ८,१७८ उसनंच घेतलंय, म्हणून आजोबांना चालणार नाही बहुतेक.


शर्वरी
गुरुवार, दुपारी ३:५२

उत्तर अगदी बरोबर. २०२० चं नोबेल राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना याच ताऱ्यांच्या पाठलागासाठी मिळालं.

आणि ८,१७८ उसनं नाहीये! एस२ ची कक्षा आकाशात विकलांमध्ये दिसते, आणि वर्णपटातून त्याचा वेग मिळतो तो थेट किलोमीटरमध्ये. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सगळ्यात जवळून गेला तेव्हा सेकंदाला साधारण ७,६५० किलोमीटर वेगात होता. एकच कक्षा, एक माप कोनात आणि एक किलोमीटरमध्ये. दोन्ही जुळायची तर अंतर एकच असू शकतं. ते ८,१७८ याच ताऱ्याकडून आलंय, वस्तुमानाबरोबरच.


खवचट_आजोबा
गुरुवार, दुपारी ४:१५

हे चाललं. नारायणगावकर, चहाचं कधी करताय? येताना जाळीची छिद्रं मोजायला फूटपट्टी आणतो.


नारायणगावकर
गुरुवार, सायंकाळी ७:००

२८ फेब्रुवारीला या आजोबा. एरवी फाटकावर आधी परवानगी लागते. आणि मोबाइल बंद करून ठेवा, दुर्बिणीला तुमचा रिंगटोन दीर्घिकेपेक्षा मोठा ऐकू येतो.